वेडपट, हसवणारे गेम खेळल्याच्या आठवणी लिहा (सुरुवात आमच्या बकरीपासून)

वावरातली
आज सकाळी आमची बकरी गोठ्याच्या टिनावर चढली. कशी चढली ते तिलाच ठाऊक. खाली सासूबाई काठी घेऊन उभ्या, वर ही निवांत शेंगा चघळतेय. ते बघून मला एकदम 2015 ची दिवाळी आठवली, म्हणून हा धागा.

त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. सोयाबीन काढणीच्या मजुरीलाही पुरलं नाही. बाबा दिवसभर ओसरीत बसून राहायचे, विचारलं तर हो किंवा नाही एवढंच. धाकटा भाऊ अमरावतीला शिकायचा, तो लॅपटॉप घेऊन आला आणि त्यावर गोट सिम्युलेटर लावला. त्यात तुम्ही बकरी. गावात मोकळी सोडलेली. धडक मारायची, जीभ लावायची, आणि जीभ ज्याला लागेल ते मागे फरफटत येतं. खुर्ची असो की माणूस. पेट्रोल पंपाला धडक दिली की पंप उडतो, बकरी आभाळात जाते, चिंधीसारखी खाली पडते आणि उठून चालायला लागते. मरतच नाही.

बाबा जन्मभर बकऱ्या राखलेला माणूस. आधी दुरून पाहिलं, मग खाट सरकवून जवळ आले. "हिच्या जिभीले गोंद लावला काय बे?" मग बकरीने एका माणसाला जिभेने ओढत रस्ता पार केला आणि बाबा जे हसायला लागले ते थांबेनात. दुपट्ट्याने डोळे पुसत होते. आई चुलीजवळून उठून आली, तिला वाटलं काही झालं. त्या हंगामात घरात कोणी एवढं हसलं नव्हतं.

नंतर रोज संध्याकाळी "लाव रे थे बकरी" म्हणायचे. तिला नावही ठेवलं होतं. एकच तक्रार होती, "हे रवंथ कवा करते?"

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. तुम्हीही लिहा. गेम कोणताही चालेल, हसवणारा पाहिजे.

पऱ्हाटी
ताई, वाचून डोळे भरले. हा गेम स्वीडनच्या कॉफी स्टेन स्टुडिओचा. 2014 च्या जानेवारीत तिथल्या लोकांनी आपसात गंमत म्हणून बनवला होता, विकायचा विचारच नव्हता. व्हिडिओ टाकला तर लोक मागेच लागले. मग 1 एप्रिल 2014 ला विकायला काढला. गेम बंद पडेल अशा चुका तेवढ्या दुरुस्त केल्या, बाकीच्या मुद्दाम ठेवल्या. मान रबरासारखी ताणली जाते, भिंतीत अर्धी बकरी अडकते, ते सगळं तसंच. मला हे फार आवडतं. आमचा कोड असा चालला की साहेब रात्री दोनला फोन करतात.

आणि विकतानाच त्यांनी लिहिलं होतं की या दहा डॉलरच्या विटा घ्या, नाहीतर मित्रांनी वर्गणी काढून खरी बकरीच घ्या.

बोरगावकर
दहा डॉलरमध्ये आमच्या बाजारात बकरीचा कान बी येत नाही भाऊ. वर्गणीले अख्खी गल्ली लागन.

वावरातली
😄 बाबा असते तर त्यांनी भावच सांगितला असता.

आर्वीची मावशी
शेंगा कशाच्या खातेय गं? सुबाभळीच्या असतील तर जास्त देऊ नको, केस गळतात. बाभळीच्या असतील तर खाऊ दे. गेम मला काही कळत नाही पण वडिलांचं वाचलं. माझेही असेच होते, बोलायचे नाहीत. बरं, दूध चुलीवर आहे, येते.

रोही हाकल्या
आपला गेम म्हणजे प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज. 2009 चा आहे, मी फोनवर खूप उशिरा खेळलो. कुठं खेळलो ते सांगतो. जागलीवर! हरभऱ्यात रोही आणि डुकरं शिरतात म्हणून रात्री मचाणावर. नेटवर्क नाही, पण याले नेट लागत नाही. सूर्यफूल लावा, ऊन गोळा करा, त्या उन्हावर मटार लावा, मटार घरावर चालून येणाऱ्या झॉम्बींवर, म्हणजे चालत्या मढ्यांवर, गोळ्या मारते. आलूचा सुरुंग लावला तर तो तयार व्हायले वेळ घेते, तोवर झॉम्बी आलाच तर खाऊन टाकते. लाल मिरची लावली की अख्खी ओळ जळते. मिरचीचा एवढा योग्य वापर मी कुठंच पाह्यला नाई.

आणि तो शेजारी, डोक्यावर गंज, म्हणजे पातेलं, घालून फिरणारा डेव्ह. काय बोलते काही समजत नाही पण मनानं चांगला. आमच्या शेजारच्या वावरातले काका तसेच होते. रात्री दोनदा येऊन बिडी विचारून जात, मी झोपलो तर नाई ना हे पाहाले.

एक सांगू का, मचाणावर एकटं असलं की भीती वाटते. धुऱ्यावर काही हललं की काळीज तोंडात येते. त्या गेमनं ते दोन महिने निघाले. बॅटरी दहा टक्क्यांवर आली की बंद करायचो, घरी फोन लावायले पाहिजे म्हणून.

बोरगावकर
आता झटका मशीन लावली का रोहीभाऊ? किती एकरले किती तार लागली?

रोही हाकल्या
लावली. दोन एकर आहे. बाकी खासगी निरोपात लिहितो.

सोल्डर
माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तालुक्याच्या गावी. नव्वदीत जत्रेत, आठवडी बाजारात ते टीव्हीचे गेम यायचे, पिवळी कॅसेट, सोबत बंदूक. डक हंट आठवतं ना? मूळ गेम निन्टेन्डोचा, 1984 चा. बदक उडतं, तुम्ही गोळी घालता, बदक निसटलं की गवतातून कुत्रा वर येतो आणि तोंडावर पंजा धरून हसतो. गावातल्या प्रत्येक पोराने त्या कुत्र्यावर गोळी झाडली आहे. त्याला लागत नाही!

माझ्या दुकानात पोरं विचारायची, काका बंदुकीतून काय निघतं? काहीच निघत नाही. उलट बंदूकच बघते. घोडा दाबला की क्षणभर अख्खा पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतल्या भिंगाला ते पांढरं दिसलं की बदक पडलं. पिक्चर ट्यूबवर हे हिशेबात बसायचं. नवीन पातळ टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतात, त्यामुळे ती बंदूक तिथे आंधळी. म्हणून मी एक जुना ट्यूबवाला टीव्ही अजून ठेवला आहे. नातू येतो तेव्हा लावतो. नातूही कुत्र्यावरच झाडतो.

पऱ्हाटी
काका, हे मला आज कळलं! आमचा खेळ ऐन रंगात आला की लोडशेडिंग. मग कुत्र्याचं हसू तोंडाने काढून एकमेकांना चिडवायचो.

शाळेची घंटा
मुलं घरी पाठवली, आता लिहिते. अनटायटल्ड गूज गेम कोणी खेळलंय का? 2019 चा, मेलबर्नच्या हाऊस हाऊसचा. तुम्ही एक खोडकर हंस. शांत गाव, आणि हातात कामांची यादी. माळ्याची किल्ली चोर, माळ्याला ओला कर, त्याचं दंताळं तळ्यात टाक, छोट्या पोराला फोनच्या खोक्यात कोंड. आणि एक बटण फक्त कर्कश ओरडायला. गरज नसतानाही माझी लेक तेच दाबत बसते.

मागे पियानो वाजतो तो देब्युसीचा, आणि हंस काय करतोय त्याप्रमाणे वाजतो. दबकत गेलात तर थांबून थांबून, माळी मागे लागला की धडाधडा. लेक सुरांवरून सांगायला शिकली, "आई, तो आपल्याला पाहतोय."

2020 मध्ये दोघांनी मिळून खेळायची सोय आली. कोरोनात शाळा बंद, ती पाचवीत. दुपारी जेवणं झाली की दोघी हंस होऊन गावभर चोऱ्या करायचो. नवऱ्याची बदली गडचिरोलीला, घरात आम्ही दोघीच. ती आता नागपूरला शिकते. परवा फोन उचलताच हंसासारखी ओरडली. मी स्टाफरूममध्ये होते, तिथूनच तसंच उत्तर दिलं.

आर्वीची मावशी
आमच्या मामांकडे खरा हंस होता, म्हणजे बदकच मोठं. पाहुण्यांच्या पिंडऱ्या फोडायचा. एकदा पोस्टमनने पत्र दुरूनच फेकलं होतं. गेम बनवणाऱ्याने कुठे पाहिला असेल तो?

बोरगावकर
बकरी असो का हंस, आमच्या गावात असते तर सरपंचानं दोघाईले कोंडवाड्यात टाकलं असतं. अन् सोडवाले दंड कोणी भरला असता?

वावरातली
बाबांनी. ते दरवेळी भरायचे.

शाळेची घंटा
ताई, एक राहिलं. बाबांनी तिला नाव काय ठेवलं होतं?

वावरातली
बिजली. आमची पहिली बकरी होती त्या नावाची, मी लहान असतानाची. आज टिनावर चढलेलीही बिजलीच, भावाने मुद्दाम तेच ठेवलं.

रोही हाकल्या
उतरली का मग?

वावरातली
हो, स्वतःच. सासूबाईंनी भाकरी दाखवली. टिनाचा एक खिळा निघाला, आता शिडी शोधतेय.