मॅकबेथमधला मेजवानीचा सीन: नाटकातलं भूत सिनेमात आणताना नेमकं काय बदलतं?

विंगेतली
नमस्कार मंडळी, मी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे, जुन्या गाजलेल्या नाटकातला एकच सीन घ्यायचा आणि सिनेमावाल्यांनी त्याचं काय केलं ते दाखवायचं. मी शेक्सपिअरचं मॅकबेथ घेतलंय (राजाला मारून स्वतः राजा झालेला मॅकबेथ आता मित्र बॅन्क्वोचाही काटा काढतो), तिसऱ्या अंकातला चौथा प्रवेश, म्हणजे मेजवानी चालूय आणि नुकताच मारेकऱ्यांकडून संपवलेला बॅन्क्वो येऊन खुर्चीत बसतो तो. कुरोसावाचा थ्रोन ऑफ ब्लड (१९५७), पोलान्स्कीचा १९७१ चा, विशाल भारद्वाजचा मकबूल आणि जोएल कोएनचा २०२१ चा असे चार बघून झालेत. पण माझं सगळं विश्लेषण 'इथे भूत दिसतं, इथे भलतंच काहीतरी दिसतं, लायटिंग भारी' यापलीकडे जातच नाहीये. सर म्हणाले हे परीक्षण झालं, विश्लेषण नाही. बघायचं काय नक्की??

पिटातला म्हातारा
सिनेमे दोन दिवस बाजूला ठेव आणि आधी संहिता घेऊन बस. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या जुन्या छापील संग्रहात, रंगसूचना आहे की बॅन्क्वोचं भूत येतं आणि मॅकबेथच्या जागेवर बसतं. आता ही सूचना कुठे आलीये ते बघ. भूत येऊन बसतं आणि त्यानंतर मॅकबेथ मोठ्या तोऱ्यात पाहुण्यांना सांगतो की आपला बॅन्क्वो आज असता तर किती बरं झालं असतं! त्याला अजून काहीच दिसलेलं नाही, पब्लिकला मात्र दिसलंय. तो बसायला वळतो तर म्हणतो टेबल भरलंय, लेनॉक्स हा सरदार म्हणतो अहो ही काय तुमची जागा ठेवलीये, आणि मग कुठे त्याला दिसतं आणि याची बोबडी वळते. म्हणजे काही ओळी आपण त्याच्या पुढे असतो, त्याच्या ढोंगावर हसायला आणि घाबरायला एकदमच वेळ मिळतो.

सिनेमात बहुतेक वेळा हीच गोष्ट उलटते. कॅमेऱ्याची सवय अशी की आधी नटाचा पांढरा पडलेला चेहरा आणि मग कट करून तो काय बघतोय ते. म्हणजे आपल्याला त्याच्यानंतर कळतं. तुझ्या चारही सिनेमांना हा एकच प्रश्न विचार, आधी कोणाला दिसतं, त्याला की आपल्याला? तिथून तुझं विश्लेषण सुरू होईल.

आणि भूत दाखवायचं की नाही हा वाद सिनेमाने काढलेला नाही हो, १७९४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात केम्बल या नटाने रिकाम्या खुर्चीवर हा प्रवेश केला होता. पण नाटकात एकदा ठरवलं की ठरलं, खुर्चीत नट बसला की तो सगळ्या थेटराला दिसणार. कॅमेरा मात्र एका कटात मॅकबेथच्या डोळ्यांनी बघतो आणि पुढच्या कटात पाहुण्यांच्या.

सामुराई_सदाशिवपेठ
वरचं सगळं मान्य, फक्त कुरोसावाला त्या 'बहुतेक' मध्ये घालू नका 😀 त्याची तयारी बघा ना. मिकीचा (म्हणजे बॅन्क्वोचा) खून तो दाखवतच नाही, घोडा तेवढा स्वाराशिवाय धावत परत येतो, की समजा. मग मेजवानीत मिकी आणि त्याच्या पोराची जागा रिकामी, पाहुणे जमिनीवर रांगेत बसलेत, एक म्हातारा उठून कुण्या गद्दाराची कथा गात नाचायला लागतो आणि वाशिझू (म्हणजे मॅकबेथ) त्याला मध्येच थांबवतो. म्हणजे भूत यायच्या आधीच त्या रिकाम्या जागेकडे आपलं लक्ष लागलेलं असतं. मग तिथे मिकी बसलेला दिसतो, पांढराफटक, केस सुटलेले, आणि तो काहीही करत नाही!! नुसता बसतो. वाशिझू झालेला मिफुने इकडे धडपडतोय, मागे सरकतोय, नंतर तलवार काढून हवेत वार करतोय, आणि ज्याच्यामुळे हे सगळं चाललंय तो ढिम्म.

अजून एक, जे कोणी बोलत नाही. शेक्सपिअरमध्ये मारेकरी मेजवानी चालू असतानाच दारात येतो, तोंडाला रक्त लागलेलं, आणि सांगतो की बॅन्क्वो मेला पण पोरगा निसटला. कुरोसावाने हा तुकडा उचलून शेवटी टाकला. पाहुणे गेल्यावर मारेकरी गुंडाळलेलं मुंडकं घेऊन येतो. म्हणजे नाटकातला मॅकबेथ बातमी पक्की कळल्यावर भूत बघतो, हा वाशिझू कळण्याआधीच बघतो. फरक केवढा पडतो बघा, नाटकात पोरगा निसटल्याची भीती अंगात घेऊन तो टेबलाशी येतो, इथे ती शेवटी येते आणि तो मारेकऱ्यालाच कापतो. क्रम बदलणं हे पण रूपांतरच आहे, लोक नुसत्या फ्रेमा मोजत बसतात.

रेवा_कोथरूड
मला वाटतं सगळे भुताकडेच बघताय आणि बाईकडे कोणाचंच लक्ष नाही. खरं काम लेडी मॅकबेथ करते त्या सीनमध्ये. पाहुण्यांना सांगते की यांना लहानपणापासूनच असं होतं, तुम्ही जेवा, आणि त्याच दमात नवऱ्याला झापते की तू नुसत्या स्टुलाकडे बघतोयस. दोन तोंडांनी एकाच वेळी बोलायचं! स्टेजवर हे बघायला मजा येते कारण दोन्ही तोंडं एकाच वेळी समोर असतात, सिनेमात जवळून शॉट घेतला की एक तोंड फ्रेमच्या बाहेर जातं. कुरोसावा क्लोजअप टाळतो म्हणून त्याच्याकडे हे टिकतं, असाजी (त्याची लेडी मॅकबेथ) नोह या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या मुखवट्यासारखा चेहरा ठेवून बसलीये आणि शेजारी नवरा वेडा झालाय, दोघं एकाच चौकटीत.

आणि सुरुवातीला मॅकबेथ म्हणतो आपापल्या मानाप्रमाणे बसा, शेवटी बाई म्हणते मान-बिन बघत बसू नका, निघा आत्ताच्या आत्ता. राज्याची सगळी शिस्त एका जेवणात मोडली. ही दोन वाक्यं कापली की उरतो फक्त हॉरर. पोलान्स्कीबद्दल माझं हेच म्हणणं आहे, भूत बघताना अंगावर येतं, पण दरबार मोडल्याचं काही वाटत नाही.

विंगेतली
बापरे, थँक्यू सगळ्यांना! पण मग मकबूलचं काय करू? त्यात टेबलच नाही, मेजवानी नाही, काकाचं (म्हणजे तिथल्या बॅन्क्वोचं) प्रेत घरी आणतात आणि मकबूलला वाटतं ते आपल्याकडे बघतंय. हा तोच सीन म्हणायचा का मुळात?

पिटातला म्हातारा
तोच, आणि माझ्या मते चारातला सगळ्यात हुशार. मुंबईच्या टोळीत सगळी माणसं एका छताखाली गोळा होऊन एकमेकांची तोंडं कधी न्याहाळतात? मयताला. इथे मेलेल्याला यायला भूत व्हावं लागत नाही, तो सगळ्यांच्या देखत तिथेच पडलाय. 'फक्त यालाच दिसतं' ही भानगड संपली, उरलं ते 'यालाच भीती वाटते' एवढं. मकबूल झालेल्या इरफानचं घाबरणं म्हणूनच जास्त उघडं पडतं, रिकाम्या जागेकडे बघून किंचाळलं तर आजारी म्हणून खपवता येतं, प्रेताकडे बघून तसं केलं तर लोक हिशोब मांडायला लागतात.

हां आणि जमलं तर शिरवाडकरांचं 'राजमुकुट' लायब्ररीत मिळतंय का बघ, मॅकबेथचंच मराठी रूप आहे. तिथे हा प्रवेश कसा लावलाय ते वाचून ठेव, सर नक्की विचारणार.

सामुराई_सदाशिवपेठ
चार सिनेमे नको घेऊस गं, मिनिटं किती आहेत? कोएनचा पण मोह होईल, बॅन्क्वोशी झटापट चाललीये म्हणता म्हणता तिथे डोमकावळा निघतो आणि बाई खिडकी उघडून त्याला बाहेर घालवते, भारी आहे, पण तो आणलास की प्रश्न त्याचेच येतील. कुरोसावा आणि मकबूल, बास. कुरोसावाची क्लिप म्हातारा नाचायला उठतो तिथून लाव, भूत दिसतं तिथून नाही.

विंगेतली
१५ मिनिटं, प्रश्न धरून 😭 ठीक आहे, दोनच घेते. क्लिप आज कापून ठेवते.