शुभारंभाआधीच्या प्रयोगांत आवडते गाणे कापले गेले, तर प्रेक्षकाने तक्रार करावी का?

हडसनकाठची

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी न्यू जर्सीत राहते आणि वर्षाकाठी तीन-चार तरी नवी म्युझिकल्स न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यवस्तीत जाऊन पाहते. त्यातही शुभारंभापूर्वीचे, म्हणजे इथे ज्यांना प्रीव्ह्यू म्हणतात ते प्रयोग मला अधिक आवडतात, कारण तोवर समीक्षा छापून आलेली नसते आणि पडदा वर जाताना पुढे काय होणार याची शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही कल्पना नसते. यंदा मात्र याच आवडीपायी थोडा मनस्ताप झाला.

एका नव्या म्युझिकलचा प्रयोग मी प्रीव्ह्यूच्या दुसऱ्या आठवड्यात पाहिला. उत्तरार्धाच्या आरंभी नायिकेची आई घर सोडताना काचेची भांडी एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळते आणि गुंडाळता गुंडाळता गाते, असा प्रवेश होता. वाद्यवृंद जवळजवळ गप्प होता, केवळ एक चेलो वाजत होता आणि कागद चुरगळल्याचा आवाज ठेक्यासारखा येत होता. तीन आठवड्यांनी पुण्याहून आलेल्या माझ्या मोठ्या बहिणीला मी खास त्या गाण्यासाठी घेऊन गेले, तर गाणेच नव्हते. भांडी होती, वर्तमानपत्रे होती, आईच्या तोंडी चार वाक्ये होती, आणि लगेच प्रकाश बदलून पुढचा प्रवेश सुरू झाला. ताईला काही हरवल्याचा पत्ताच नव्हता. "अगं, चांगलं होतं की," असे म्हणून ती मोकळी झाली. प्रामाणिकपणे सांगायचे, तर उत्तरार्ध पहिल्यापेक्षा बांधीव झाला होता, हे मलाही मान्य करावे लागले.

त्या रात्री इंटरनेटवर पाहिले, तर या बदलावरून दोन तट पडलेले होते. काहींच्या मते नाटकाचा आत्माच काढून घेतला गेला होता, तर काहींच्या मते ते रडगाणे गेले हे उत्तमच झाले. म्हणून दोन गोष्टी विचारते. आपल्या या प्रतिक्रिया नाटक करणाऱ्यांपर्यंत खरोखर पोहोचतात का आणि त्यांच्यावरून गाणी कापली जातात का? आणि जे अजून पुरते घडलेले नाही, त्यावर पूर्ण दराचे तिकीट काढलेल्या प्रेक्षकाने जाहीर मत द्यावे की शुभारंभापर्यंत थांबावे?

खड्ड्यातली दुसरी व्हायोलिन

रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत वादक बसतात, तिथे मी एका लहान शहरातल्या नाट्यगृहात बदली वादक म्हणून बरीच वर्षे बसलो आहे. ब्रॉडवेवर कधी वाजवलेले नाही, पण कामाची रीत तीच आहे, म्हणून लिहितो.

प्रीव्ह्यूच्या काळात दुपारी तालीम आणि रात्री प्रयोग असा क्रम असतो. दुपारी शिकलेला नवा भाग रात्री प्रेक्षकांसमोर वाजवायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बदललेला असण्याची तयारी ठेवायची. संहितेची बदललेली पाने वेगळ्या रंगाच्या कागदावर येतात, जेणेकरून कोणाच्या हातात जुनी प्रत आहे ते लांबूनही दिसावे. आमच्या स्टँडवरच्या पानांवर नव्या मात्रांचे कागद चिकटवलेले असतात, आणि एकदा तर गोंद ओला असल्याने दोन पाने एकमेकांना चिकटून मी आठ मात्रा नुसता गज हवेत धरून बसलो होतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की प्रतिक्रिया पोहोचतात, पण लोक समजतात त्या वाटेने नव्हे. दिग्दर्शक, संगीतकार, गीतकार आणि निर्माता शेवटच्या रांगेमागे उभे राहून रंगमंचाकडे कमी आणि प्रेक्षकांच्या पाठीकडे अधिक पाहत असतात. खोकला कुठे सुरू झाला, माहितीपत्रिका कुठे चाळली गेली, हशा अपेक्षित होता तिथे शांतता का पडली, हे ते टिपत असतात. टाळ्या हा त्यातला सर्वांत फसवा पुरावा आहे. आमच्या एका नाटकात रोज कडकडून टाळ्या घेणारे गाणे शुभारंभाला चार दिवस उरले असताना कापले गेले, कारण त्या टाळ्यांनंतर कथेत परत शिरायला प्रेक्षकांना पुढची पाच मिनिटे लागत होती.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. गाणे चालू असताना पडद्यामागे नेपथ्य हलत असते, कोणी तरी धावत जाऊन पोशाख बदलत असते. त्यामुळे एखादे गाणे स्वतःच्या दोषामुळे जात नाही, तर त्याच्या आडोशाने होणारे काम आता अन्य ठिकाणी हलवले म्हणून जाते. आणि उलट, एखादे सामान्य गाणे केवळ दिवाणखान्याची बाग व्हायला दीड मिनिट लागते म्हणून तग धरून राहते. शिवाय अमेरिकेत व्यावसायिक नाटककारांच्या करारानुसार लेखक-संगीतकारांच्या संमतीवाचून निर्मात्याला शब्द किंवा सूर बदलता येत नाही. म्हणजे तुमच्या त्या आईचे गाणे कापले गेले, तेव्हा ते रचणाऱ्याने स्वतः मान डोलावलेली असणार, हे लक्षात घ्या.

शुभारंभाच्या काही दिवस आधी प्रयोग 'फ्रीझ' होतो, त्यानंतर बदल थांबतात आणि समीक्षक त्या शेवटच्या प्रयोगांना येतात.

पिटातला प्रेक्षक

वरच्या प्रतिसादातली शेवटची रांग वाचून एक जुनी गोष्ट लिहावीशी वाटते. १९६२ साली 'अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम' हे म्युझिकल न्यूयॉर्कला येण्याआधी वॉशिंग्टनमध्ये चालू होते, आणि प्रेक्षक हसत नव्हते. संहिता विनोदी, मुख्य भूमिकेत झिरो मोस्टेल, दिग्दर्शक जॉर्ज ॲबट, तरी सभागृह थंड. दिग्दर्शक-नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्सला बोलावले गेले आणि त्याने निदान केले ते उत्तरार्धाचे नव्हे, मधल्या प्रवेशांचेही नव्हे, तर पहिल्या गाण्याचे. आरंभी हळुवार प्रेमाचे एक गाणे होते, त्यावरून प्रेक्षक नाजूक नाटकाच्या अपेक्षेने सावरून बसत आणि मग समोर धांगडधिंगा आला की गोंधळत. संगीतकार-गीतकार स्टीव्हन सॉन्डहाइमने 'कॉमेडी टुनाइट' हे नवे गाणे लिहिले, रॉबिन्सने ते बसवले, आणि न्यूयॉर्कच्या प्रीव्ह्यूंत तीच संहिता, तेच विनोद धो धो चालले. पुढे त्याचे ९६४ प्रयोग झाले. आपल्याकडची भाषा वापरायची तर त्यांनी नांदी बदलली, बाकी नाटकाला फारसा हात लावावा लागला नाही.

वॉशिंग्टनच्या प्रेक्षकांना कोणी विचारले असते, तर त्यांनी बहुधा विनोद सुमार आहेत असे सांगितले असते. त्यांना कंटाळा आला हे खरे होते, पण कंटाळ्याचे कारण त्यांना ठाऊक असण्याची गरज नव्हती. कुठे दुखते ते रोग्याने सांगावे, काढा त्याने उकळू नये.

मात्र हे दर वेळी जमतेच असे नाही. एकोणीस वर्षांनी, १९८१ मध्ये, 'फोरम' झाले त्याच ॲल्विन नाट्यगृहात त्याच सॉन्डहाइमचे 'मेरिली वी रोल अलाँग' आले. कथा शेवटाकडून आरंभाकडे उलटी जाणारी आणि मध्यमवयीन पात्रांची कामेही अगदी तरुण नटांकडे. त्यामुळे कोण कोणाचा कोण हेच प्रेक्षकांना कळेना, आणि लोक मध्येच उठून जाऊ लागले. आधी दुसऱ्या शहरात चाचपणी झालेली नव्हती, सारे काही न्यूयॉर्कच्या डोळ्यांदेखत चालले होते. दिग्दर्शक हॅरल्ड प्रिन्सने आधीचे पोशाख काढून टाकले आणि पात्राचा परिचय छातीवर छापलेले स्वेटशर्ट नटांना घातले, मुख्य नट बदलला, नृत्यदिग्दर्शक बदलला, शुभारंभ पुढे ढकलला. ५२ प्रीव्ह्यू झाले आणि शुभारंभानंतर अवघ्या १६ प्रयोगांत ते बंद पडले. त्या स्वेटशर्टांचा विचार करून पाहा. प्रेक्षकांची तक्रार अक्षरशः ऐकली गेली, त्यांना नावे कळत नव्हती म्हणून नावे छापून दिली गेली, आणि तरी माणसे कळली नाहीत. पुढे अनेक वर्षे दुरुस्त्या होत राहिल्या, आणि मारिया फ्रीडमनच्या दिग्दर्शनाखाली २०२३ मध्ये ते ब्रॉडवेवर परतले तेव्हा त्याला उदंड गर्दी झाली आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम पुनरुज्जीवनाचा टोनी पुरस्कारही मिळाला.

बाल्कनी, रांग एफ

वरील दोन्ही प्रतिसाद नाटक करणाऱ्यांच्या बाजूने आहेत, म्हणून पैसे देणाऱ्यांच्या बाजूने मी लिहितो. 'स्पायडर-मॅन: टर्न ऑफ द डार्क' हे म्युझिकल आठवा. पहिला प्रीव्ह्यू २८ नोव्हेंबर २०१० रोजी झाला आणि तोच यंत्रांतल्या बिघाडांमुळे पुन्हा पुन्हा थांबवावा लागला. शुभारंभाची तारीख इतक्यांदा पुढे गेली, की फेब्रुवारी २०११ मध्ये समीक्षकांनी वाट पाहणे सोडून तिकिटे काढली आणि परीक्षणे छापून टाकली. यावर नाट्यवर्तुळात बरीच नाराजी झाली, पण मला तरी त्यांचे काहीच चुकले असे वाटत नाही. ज्या प्रयोगासाठी हजारो लोक रोज पैसे मोजत आहेत, त्यावर 'अजून कच्चे आहे' अशी पाटी लावून किती महिने गप्प बसायचे?

मार्चमध्ये दिग्दर्शिका ज्यूली टेमर बाजूला झाली, एप्रिल-मेमध्ये तीन आठवड्यांहून अधिक काळ प्रयोग बंद ठेवून नाटक पुन्हा रचले गेले, आणि १८२ प्रीव्ह्यूंनंतर १४ जून २०११ रोजी शुभारंभ झाला. कथा सांगणारी चार तरुणांची टोळी गेली, आठ पायांच्या कोळी-बायकांचे बुटांवरचे गाणे गेले, आणि पूर्वी पूर्वार्धाच्या शेवटीच मरणारा खलनायक ग्रीन गॉब्लिन उत्तरार्धाच्या शेवटापर्यंत जिवंत ठेवला गेला. प्रेक्षकांना हवे होते ते त्यांना मिळाले, म्हणजे कथा कळू लागली. एक हजारांहून अधिक प्रयोगही झाले, तरी गुंतवलेला पैसा पूर्ण वसूल झाला नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने दोन्ही रूपे पाहिली होती, आणि त्याला पहिले फसलेले रूपच अधिक लक्षात राहिले आहे. मला त्याचे म्हणणे पटत नाही, पण तो हट्टाने तेच सांगतो.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: तिकीट पूर्ण दराचे असेल तर मतही पूर्ण दराचे द्यावे, फक्त कोणत्या तारखेचा प्रयोग पाहिला तेवढे वर लिहावे.

तिसरी घंटा

पुण्यातून लिहिते आहे. तारीख लिहिण्याची सूचना इथेही लागू करायला हवी, कारण आपल्याकडे प्रीव्ह्यू हा शब्द नाही, पण प्रकार आहे. रंगीत तालीम निमंत्रितांसमोर होते, दुसऱ्या दिवशी शुभारंभाचा प्रयोग, आणि खरी काटछाट पुढच्या दहा-पंधरा प्रयोगांत होते. त्या प्रयोगांना आलेल्या प्रेक्षकाला कोणीही सांगत नाही, की तुम्ही पाहिलेत ते पक्के झालेले नाही. त्यातच आपल्याकडे संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर प्रयोग होतो, म्हणून कागदावर नाटक पहिल्या दिवशीच पूर्ण असते. त्या मानाने अमेरिकेतली माणसे निदान तिकिटावर खरे सांगतात.

आपली संगीत रंगभूमीही अर्धी असतानाच लोकांसमोर आली होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चे पहिले चारच अंक केले, आणि सातही अंकांचा प्रयोग पुढच्या वर्षी झाला. पुढे प्रेक्षकांनी वन्समोअर मागून मागून नाटके पहाटेपर्यंत लांबवली. न्यूयॉर्कचा प्रेक्षक खोकून गाणे कमी करतो आणि आपला प्रेक्षक ओरडून वाढवतो, दोघांचाही हात संहितेवर असतोच.

हडसनकाठची

सर्वांचे आभार. ताईसमोर हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, की मला गाण्याची उणीव जाणवली नाही, पण ती बाई भांडी बांधत असताना मागून काही तरी जड ओढल्याचा आवाज येत होता आणि माझे लक्ष तिकडे गेले होते. पूर्वी त्या आवाजावर चेलो होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. नाटकाच्या संकेतस्थळावर अभिप्रायासाठी जागा आहे. गाणे परत आणा असे लिहिलेला लांबलचक मजकूर मी तिथे पाठवणार होते, तो खोडला आणि प्रयोगाची तारीख, आमची रांग व ताईने ऐकलेला तो आवाज, एवढेच लिहून पाठवले. शुभारंभ पुढच्या गुरुवारी आहे.