मदत हवी आहे: मुंजाची सोडमुंज कोणी लावायची?

मंडळी, एक विनोदी अद्भुत कादंबरी लिहायला घेतली आहे आणि गाडी सोडमुंजीपाशी, म्हणजे मुंजीनंतरचं ब्रह्मचर्य संपवण्याच्या विधीपाशी, अडली आहे. भुताखेतांचे जाणकार आणि भिक्षुकी करणारे कोणी इथे असतील तर कृपया वाचा.

गोष्ट कुडाळजवळच्या एका सामाईक घराची. सातबाऱ्यावर अकरा नावं. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज करायचा म्हणून भांडत, रुसत, एकमेकांच्या आया काढत शेवटी अकराही सह्या होतात. त्या रात्री परसातल्या पिंपळावरून मुंजा उतरतो आणि विचारतो, "माझी सही कुठाय?"

हा मुंजा घरातल्या नानांचा सख्खा थोरला काका. 1918 च्या वैशाखात मुंज झाली, आश्विनात इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला. वय वर्षं आठ. नाना आज ऐंशीच्या घरात. ते वाकून "काका, नमस्कार करतो" म्हणतात, आणि काका "आयुष्मान भव" म्हणून लगेच लिमलेटची गोळी मागतात. नानींचा तर तो चुलतसासरा. त्याच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्याच पदराने त्याचं नाक पुसायचं. हे प्रसंग भराभर लिहून झाले. भूत घाबरवत नाही, नातं निभावायला लावतं, आणि जिवंत मंडळींना तेच जड जातं, अशी एकूण गंमत आहे.

आता अडचण. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला की त्याचा मुंजा होतो, ही आपल्याकडची समजूत. म्हणजे सुटका करायची तर सोडमुंज लावायला हवी. पण त्यात बटू काशीला निघतो, मामा त्याला अडवतो आणि "मुलगी देतो, परत फीर" म्हणतो. शंभर वर्षांनी मामा आणायचा कुठून? आजोळच्या वंशात शोधता शोधता पुण्याची एक दातांची डॉक्टर सापडते. तिला मामाचा मान घ्यायला हरकत नाही, पण "मुलगी देते" हे वाक्य ती उच्चारायला तयार नाही. तिची मुलगी तर त्याहून नाही!

मेलेल्याची सोडमुंज लावल्याचं कुणी घरी, गावी ऐकलंय का? मामाऐवजी दुसरं कोण उभं राहू शकतं? शास्त्रार्थ नसला तरी चालेल, आजीने सांगितलेलं असलं तर उत्तमच.

दुसरं, महामार्गाच्या चौपदरीकरणात हा पिंपळ जातो. झाड तुटलं की मुंजा कुठे जातो? मी त्याला माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी बसवलाय. एक मित्र म्हणतो, विहिरीवर जायला हवा. कणकवली-कुडाळकडच्यांनी सांगावं, तुमच्याकडे म्हातारी माणसं काय म्हणाली?

मांत्रिकाचं एक प्रकरणही आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, म्हणून आमचा मांत्रिक छडी टाकून "कौटुंबिक समुपदेशक" अशी पाटी लावतो. हे फार ओढूनताणून वाटतंय का? खरं सांगा, राग येणार नाही.

अमावस्येच्या रात्री घाटात पांढरी साडी दिसली वगैरे किस्से कृपया नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत. आणि गुरव देवापुढे घालतो त्या गाऱ्हाण्याचं एक पान आहे, त्यातली मालवणी तपासून देणारं कुणी असेल तर व्यक्तिगत निरोप करा.