मदत हवी आहे: ठाण्यात व्हर्मुथची छोटी बाटली कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,
घरी निग्रोनी आणि मॅनहॅटन ही कॉकटेल्स करायची आहेत. निग्रोनीला जिन, कंपारी (लाल, कडू लिकर) आणि गोड व्हर्मुथ (वनस्पती-मसाल्यांचा सुगंध दिलेली वाइन), तिन्ही प्रत्येकी ३० मिली. मॅनहॅटनला ५० मिली राय व्हिस्की, २० मिली व्हर्मुथ आणि अँगोस्टुरा बिटर्सचे (कडू, मसालेदार अर्काचे) एक-दोन थेंब. बाकी सामान जमलंय, गाडी अडलीय ती व्हर्मुथपाशी.

व्हर्मुथ ही शेवटी वाइनच. झाकण उघडलं की हवा लागून उतरायला लागते. फ्रिजमध्ये घट्ट बंद ठेवली तरी महिना-दीड महिन्यात सुगंध जातो, मागे नुसता आंबट-कडूपणा उरतो. मग जिन कितीही चांगली असो, निग्रोनी बसत नाही. आपल्याकडच्या दमट उकाड्यात कपाटात ठेवायचा तर प्रश्नच नाही. म्हणून ७५० मिलीची नको, ३७५ची हवी. नौपाडा, घोडबंदर रोड किंवा वाशीला कुणी पाहिलीय का? किंमतही सांगा.

आणखी एक: ५ सेंटीमीटरचे बर्फाचे साचे कुठे मिळतील? ट्रेमधले छोटे खडे ग्लासात भराभर वितळतात आणि निग्रोनी पाणचट होते.