मदत हवी आहे : आयल रॉयल बेटावरचे थर पाण्यावर आले कसे?

उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवराचा मिनेसोटाकडचा खडकाळ किनारा आणि समोरचे आयल रॉयल बेट यांचा आडवा छेद (जमीन उभी कापली तर आतले थर कसे दिसतील, ते चित्र) मी कागदावर काढत आहे. त्यात एका जागी गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका खंड मधोमध फाटू लागला, तेव्हा भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थर किनाऱ्यावरही आहेत आणि बेटावरही. सह्याद्रीत बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे पाहायची आपल्याला सवय असते; येथे ते आग्नेयेला, म्हणजे सरोवराकडे कललेले आहेत. त्यामुळे कित्येक ठिकाणी खडकाची सलग फरशी थेट पाण्यात शिरते आणि लाट तिच्यावरून वर चढून मागे फिरते. थराच्या माथ्याजवळच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात, त्यावरून एक प्रवाह कोठे संपला हे नवख्यालाही ओळखता येते. सरोवराच्या पलीकडे मिशिगनमधील कीविनॉ द्वीपकल्पावर थर उलट, वायव्येला कलतात. बेटाचा कणा असलेला ग्रीनस्टोन नावाचा लाव्हा प्रवाह तेथेही सापडतो. म्हणजे थर मध्यभागी परातीसारखे खचले आहेत, इथवर शंका नाही.

अडचण अशी की, बेट मिनेसोटाच्या किनाऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर असून त्याचे थरही आग्नेयेलाच उतरतात. म्हणूनच तेथील डोंगररांगांची वायव्य बाजू ताशीव आणि आग्नेय बाजू सौम्य आहे. किनाऱ्यावरचा कल तसाच पुढे ओढला, तर बेटापाशी ते थर काही किलोमीटर खोल जायला हवेत. प्रत्यक्षात बेटावरचे सर्वोच्च शिखर माउंट देसोर सरोवराच्या पातळीहून सुमारे २४० मीटर उंच आहे. बेटाच्या उत्तरेला पाण्याखाली प्रस्तरभंग (खडक तुटून जिच्यावरून सरकतात अशी भेग) आहे आणि खंड फाटणे थांबल्यावर आलेल्या दाबाने बेटाकडचा भाग त्यावरून वर सरकला, असे मी समजतो. मग छेदात प्रस्तरभंगाची रेषा बेटाच्या पोटाखाली, आग्नेयेकडे उतरती दाखवावी ना?

हिमनद्यांनी मऊ थर कोरून काढल्यामुळे बेटावर लांबट तळी आणि ईशान्य टोकाला बोटांसारखी भूशिरे झाली, ते रेखाटणे सोपे आहे. प्रमाणाचे मात्र कोडे आहे. उभे प्रमाण आडव्याच्या पाचपट घेतल्यावाचून बेटाची उंची दिसत नाही, आणि घेतले तर दहा-पंधरा अंशांचा कल कड्यासारखा उभा होतो. अशा वेळी एकाच कागदावर दोन वेगळे छेद द्यावेत काय?