मदत हवी आहे: ४के लावलं की आधी पांढरे ठिपके आणि मग पडदा काळा, केबल की रिसिव्हर?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. तीन आठवडे झाले, घरच्या थिएटरचा एक घोळ सुटून नाही राहिला. थोडं लांब होईल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

मानेवाड्याला आमचं घर, वरच्या मजल्यावरच्या खोलीत प्रोजेक्टर मागच्या बाजूला छताला टांगला आहे, समोर १०० इंची पडदा, पडद्याखालच्या कपाटात रिसिव्हर (चित्र प्रोजेक्टरला आणि आवाज स्पीकरला देणारा डबा), त्याला सेट-टॉप बॉक्स आणि इंटरनेटवरून पिक्चर-मॅच दाखवणारी ४केची स्ट्रीमिंग स्टिक. रिसिव्हरपासून प्रोजेक्टरपर्यंत १२ मीटरची एचडीएमआय केबल, २०१९ ला पीओपी करतानाच भिंतीतल्या पाइपातून वर नेऊन सीलिंगमधून टाकली होती. तेव्हा प्रोजेक्टर फुल एचडी होता. मागच्या दिवाळीत तो काढून ४के घेतला, केबल तीच राहू दिली. मार्चपर्यंत नुसता सेट-टॉप बॉक्सच चालायचा आणि तेव्हा काहीच त्रास नव्हता. एप्रिलमध्ये स्टिक घेतली, तेव्हापासून हे सुरू झालं.

होतं असं की चित्र छान चालू असतं आणि अंधाराचा सीन आला की पडद्यावर बारीक पांढरे ठिपके चमकतात, एका जागी नाही, इथे तिथे, डोळ्यासमोर काजवे चमकावे तसे. कधी तेवढ्यावरच थांबतं. कधी पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो आणि आवाज मात्र चालूच राहतो. आणि कधी आवाजही जातो, प्रोजेक्टर "सिग्नल नाही" लिहितो, मग पाच-सात सेकंदांनी दोन्ही परत येतात. संध्याकाळी तासात एकदा, तर कधी दहा मिनिटांत चारदा. ठरलेलं काहीच नाही.

आता यात माझा जीव का अडकला ते सांगतो. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालं. आईपीएलची मॅच आणि रात्री एखादा जुना पिक्चर, तेवढाच त्यांचा विरंगुळा. पहिल्यांदा ठिपके आले तेव्हा ते काही बोललेच नाही. चष्मा काढायचे, बनियनच्या टोकाने पुसायचे, परत लावायचे. आठ दिवसांनी हळूच आईला म्हणाले, "माझ्या डोळ्यात चमकून राहिलं वाटते, पोराला सांगू नको." डोळ्यात चमक दिसणं साधं नसतं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचं काही असू शकतं म्हणून दुसऱ्या दिवशीच डॉक्टरकडे नेलं, बाहुली मोठी करायचे थेंब टाकून तपासलं, डोळा एकदम ठीक निघाला. संध्याकाळी मी त्यांच्या बाजूला बसून पाहिलं तर ठिपके मलाही दिसले. आठ दिवस हा माणूस मनात काय घेऊन बसला असेल, ते आठवलं की मला अजून कसंतरी होते.

करून पाहिलं ते असं: सगळं बंद करून चालू केलं, रिसिव्हरचे पोर्ट बदलले, सॉफ्टवेअर अपडेट केलं, सीईसी (एका रिमोटने सगळी यंत्रं चालवायची सोय) बंद केलं, स्टिकचा अॅडॅप्टर बदलला. कपाटात गरम होत असेल म्हणून दार काढून टाकलं, कारण सध्या आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास आहे. काही फरक नाही. एका दुरुस्तीवाल्याने येऊन पाच मिनिटांत सांगितलं की रिसिव्हरचा एचडीएमआय बोर्ड गेला, ९ हजार लागतील. पण बोर्ड गेला तर सेट-टॉप बॉक्स कसा काय नीट चालते? पैसे घालायच्या आधी तुम्हाला विचारून राहिलो.

प्रतिसाद:
भाऊ, बोर्डाला हात लावू नका. पांढरे ठिपके म्हणजे डेटा वाटेत चुकून राहिला, ही केबलची खूण आहे. आवाज चालू राहतो याचा अर्थ स्टिकपासून रिसिव्हरपर्यंत सगळं पोचते, पुढच्या १२ मीटरमध्ये मार खाते. सेट-टॉप बॉक्स फुल एचडी देतो, त्याला सेकंदाला साडेचार गिगाबिटच्या आसपास लागते. ४के ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं) आणि एचडीआर (उजेड-अंधाराचे जास्त बारकावे) लावलं की तेच १८ पर्यंत जाते. केबलच्या अंगावर काय छापलंय ते वाचा. नुसतं "हाय स्पीड" असेल तर तिची चाचणी १०.२ पर्यंतचीच, १८ साठी "प्रीमियम हाय स्पीड" लागते. आणि १८ वर साध्या तांब्याच्या तारेत १२ मीटर म्हणजे फार झालं.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत, पण खात्री करून घ्या. रिसिव्हर उचलून प्रोजेक्टरच्या खाली टेबलावर ठेवा आणि २ मीटरच्या चांगल्या केबलने जोडा. स्टिक, रिसिव्हर, प्रोजेक्टर तेच, फक्त मधली तार बदलली. तरीही गेलं तर बोर्डाचा विचार करा. अजून एक, चित्र जातं तेव्हा घरात काय चालू-बंद होतं ते लिहून ठेवा. फ्रीज, मोटर, कूलर, काहीही.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. शेवटच्या ओळीने तर सगळं चित्रच बदललं.

केबलवर "हाय स्पीड" एवढंच छापलंय. घेताना "४के चालते" म्हणून सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं, ४के ३० हर्ट्झला नऊ गिगाबिटच्या आतच लागते, तेवढं ती ओढते.

रविवारी डायनिंग टेबल प्रोजेक्टरखाली सरकवला, रिसिव्हर त्यावर, २ मीटरची केबल. स्पीकरच्या तारा पोचल्या नाहीत, मुक्यानेच पाहिलं. तीन तास, अंधाराचेच सीन शोधून शोधून लावले. एक ठिपका नाही.

मग जुनी केबल परत लावली आणि वही घेऊन बसलो. खिडकीला मोठा कूलर आहे. आई दमट झालं की पंपाचं बटन बंद करते, कोरडं वाटलं की चालू करते, दर उन्हाळ्यात संध्याकाळभर तिचं हेच चालते. साडेसातला तिने बटन दाबलं, टक् आवाज आला आणि त्याच क्षणी पडदा काळा. मी ओरडलोच, "आई, परत दाब!" ती घाबरली, तिला वाटलं शॉक लागला कोणाला. मग मुद्दाम २० वेळा पंप चालू-बंद करायला लावला, ७ वेळा चित्र गेलं. २ मीटरच्या केबलवर तेच २० वेळा केलं, एकदाही नाही. कूलर आणि प्रोजेक्टर एकाच लाइनवर आहेत, आणि सीलिंगमध्ये ती केबल विजेच्या पाइपाला चिकटूनच गेली आहे. आणि कूलर लागतो एप्रिलमध्ये, स्टिकही आली एप्रिलमध्ये, म्हणून मी तीन आठवडे नुसता स्टिकलाच धरून बसलो होतो. कूलर पूर्ण बंद ठेवून पाहिलं तर काळं होणं जवळपास थांबलं पण ठिपके राहिलेच. म्हणजे केबल मुळातच काठावर चालून राहिली आहे आणि पंपाचा झटका तिला ढकलून देते. बरोबर समजलो ना?

प्रतिसाद:
एकदम बरोबर. आता ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या, चित्राचा डेटा काचेच्या धाग्यातून प्रकाशाने जातो, त्याला पंपाच्या झटक्याचं काही होत नाही. हातमिळवणीच्या (दोन यंत्रं एकमेकांना ओळखतात त्या) बारीक तारा बहुतेक केबलींत तांब्याच्याच असतात म्हणून जमलं तर कूलर दुसऱ्या लाइनवर घ्या. या केबलला दिशा असते, "सोर्स" लिहिलेलं टोक रिसिव्हरला, "डिस्प्ले" प्रोजेक्टरला, उलटं ओढलं तर परत सगळं उपसावं लागेल. म्हणून आधी जमिनीवर अंथरून एक दिवस चालवून पहा, मगच पाइपात घाला. जुनी केबल उपसून फेकू नका, तिलाच नवी बांधून ओढा. तोवर प्रोजेक्टरच्या मेनूत एचडीएमआय "स्टँडर्ड" करा, एचडीआर जाईल पण काकांची मॅच नीट दिसेल.

धागाकर्ता:
"स्टँडर्ड" केलं आणि काल पूर्ण मॅच विनाअडथळा झाली, कूलरचा पंप चालू-बंद होऊनही. बाबांनी मधे एकदाही चष्मा काढला नाही, मी मॅच कमी आणि त्यांच्याकडेच जास्त पाहून राहिलो होतो. बोर्डवाल्याला नाही म्हणून कळवलं.

१५ मीटरची ऑप्टिकल बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून आणली, सध्या जमिनीवर अंथरली आहे, ४के ६० एचडीआरवर दोन संध्याकाळी झाल्या, सगळं स्वच्छ. आता एकच अडचण उरली. पाइप २५ मिलिमीटरचा आहे आणि सीलिंगला वळतो तिथे गोल बेंड नाही, काटकोनी एल्बो आहे. काचेचा धागा त्या कोपऱ्यात जास्त वाकला तर तुटेल ही भीती आहे आणि केबलचं डोकं अडकलं तर जुनीही निघणार नाही. एल्बोजवळ पीओपी हातभर कापून तिथे बेंड बसवायचा, की पाइप सोडून भिंतीवरून पट्टीतून नेऊ? ज्यांनी २५ च्या पाइपातून एल्बो पार करून ओढली आहे त्यांनी कृपया सांगा, वायरमन शनिवारी येऊन राहिला.