पीएच.डी. चालू असताना बाळाचा विचार: वेळेचं गणित कसं बसवलंत?

नमस्कार. वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते आहे, चौथं वर्ष. वय ३२, लग्नाला ५ वर्षं झाली. आम्हा दोघांनाही मूल हवं आहे, पण दर वेळी "एवढं झालं की मग" म्हणत आलो. आधी कोर्सवर्क, मग सिनॉप्सिस, मग पहिला पेपर. आता सबमिशन, म्हणजे थीसिस (प्रबंध) सादर करणं.

आणि सबमिशन कधी होईल ते मला सांगता येत नाही. माझं काम परागीभवनावर आहे. ज्या झुडपांच्या नोंदी घेते ती वर्षातून एकदा, जेमतेम ३ आठवडे फुलतात. दुसऱ्या वर्षी नेमक्या त्याच दिवसांत पाऊस लागून राहिला, कीटक फिरकलेच नाहीत, आणि वर्ष गेलं. प्रयोगशाळेतलं काम असतं तर रात्री जागून भरून काढलं असतं. फुलोऱ्यापुढे इलाज नाही. अजून २ मोसम हवेत असं गाइड म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे पीएच.डी.चे नियम वाचले. प्रवेशापासून ६ वर्षं, पुनर्नोंदणी केली तर आणखी २, स्त्रियांना त्यावर अजून २. शिवाय पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा. कागदावर वेळ भरपूर दिसतो. पण माझी फेलोशिप (संशोधनासाठी दरमहा मिळणारे पैसे) जेआरएफ-एसआरएफ हे तिचे दोन टप्पे मिळून ५ वर्षांची. पुढे नोंदणी राहते, पैसे थांबतात. नवऱ्याच्या पगारात घर चालेल, तो तसं म्हणतोही. तरी २३ व्या वर्षापासून स्वतःचा खर्च स्वतः करते आहे, त्यामुळे हे मला जड जातंय.

थीसिस दिल्यावर व्हायवासकट (तोंडी परीक्षेसकट) सगळं ६ महिन्यांत व्हावं असा नियम आहे. आमच्या एका सीनियरला बाहेरच्या परीक्षकाचा अहवाल यायलाच ८ महिने लागले. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे वर्ष-दोन वर्षांचं काम आणि बहुधा नवं गाव. "सबमिशननंतर" निवांतपणा येईल असं मी धरून चालले होते, तो कुठेच दिसत नाही.

फुलोरा संपला की बाळंतपण यावं असा हिशेबही मांडून पाहिला. पण दिवस काही ठरवून राहत नाहीत. एक मोसम हातचा जाईल हे धरून चालावं का? फील्डवर्क असताना हे कुणी निभावलंय का? गाइडना कधी सांगितलंत, आधी की दिवस राहिल्यावर?

प्रतिसाद

माझा मुलगा माझ्या पीएच.डी.च्या पाचव्या वर्षी झाला. कामही फील्डचंच, गवताळ प्रदेशातलं. मोसम जाऊ नये म्हणून आदल्या वर्षी एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीला बरोबर घेऊन नोंदी घ्यायला शिकवलं. पुढच्या वर्षीच्या नोंदी तिने घेतल्या, पेपरात तिचं नाव आहे. दोघींच्या मोजणीत फरक किती पडतो ते मात्र आधीच तपासून ठेवा, परीक्षक हमखास विचारतात.

गाइडना मी आधीच सांगितलं होतं. अवघड गेलं, पण त्यामुळे प्रकरणांचा क्रम बदलता आला. जुन्या नोंदींवरची दोन प्रकरणं बाळंतपणाआधी लिहून झाली.

रजेच्या काळात फेलोशिप चालू राहते का आणि ते महिने ५ वर्षांत धरतात का, हे फेलोशिप देणाऱ्यांकडून लेखी घ्या. विभागातल्या तोंडी उत्तरावर राहू नका. आणि फुलं टिकवायला फॉर्मालिनमध्ये ठेवत असाल तर, ते रसायन गर्भाला अपायकारक ठरू शकतं म्हणून, ते काम आत्ताच दुसऱ्या कुणाकडे द्या, दिवस राहायची वाट बघू नका.

धागाकर्ती

फॉर्मालिनचं डोक्यातच आलं नव्हतं, ५० च्या वर बाटल्या आहेत माझ्या. नोंदी शिकवायच्या तर याच फुलोऱ्यात, म्हणजे हातात ७ आठवडे. सोमवारी गाइडना भेटते. तुमच्या दोघींच्या मोजणीतला फरक कसा काढलात ते जरा सविस्तर लिहाल का?